मिस्टर पाच महिन्यांपासून कच्चंच खातात, आता पायाला मुंग्या येतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचं यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं. मिस्टर 44 वर्षांचे, शेती करतात, शाकाहारी आहेत. सहा वर्षांपासून शुगर आहे, गोळी चालू होती. दिवाळीनंतर एका शिबिराहून आले आणि चुलीवरचं खाणं बंद केलं. फक्त फळं, मोड आलेलं धान्य आणि पालेभाजीचा रस. दूध-दहीही सोडलं. पाच महिन्यांत 81 किलोवरून 66 वर आले. शुगर उतरली म्हणून गोळी स्वतःच बंद केली. पण आता पायाला मुंग्या येतात, चिडचिड वाढली, वखर धरला की दम लागतो. हिमोग्लोबिन 13.4 आलं, लॅबवाल्यानं नॉर्मल सांगितलं. ते म्हणतात, शरीरातलं विष बाहेर पडून राहिलं. आता मला आणि आमच्या बारा वर्षांच्या मुलीलाही हेच खायला सांगतात. खावं का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात थांबायला वेळ नाही. मुलीला हा आहार देऊ नका. बाराव्या वर्षी उंची वाढत असते, पाळी सुरू व्हायची असते, हाडं भरत असतात. या वयात पोट लहान आणि गरज मोठी. काकडी-टरबुजानं पोट फुगेल, पण दोन भाकरींतून जेवढी ताकद मिळते तेवढी काकडीतून मिळवायची तर अडीच किलो काकडी खावी लागेल. कोणती पोर खाईल? तुमचं स्वतःचंही ऐका. जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठानं कच्चं खाणाऱ्या पाचशेवर लोकांचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 45 वर्षांखालच्या सुमारे 30 टक्के बायकांची पाळी एक तर अनियमित झाली होती, नाहीतर पुरती थांबली होती. वजन जितकं खाली, तितका हा त्रास जास्त.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. त्यांना मी नावं ठेवणार नाही, कारण हा उद्योग मी स्वतः केलेला आहे. नऊ महिने.

2006 सालची गोष्ट. मी 36 वर्षांचा, तालुक्याच्या गावी दवाखाना टाकून सात वर्षं झालेली, वजन 92 किलो, बीपी 150/100. पेशंटला मीठ कमी करा म्हणायचं आणि आतल्या खोलीत जाऊन तर्री-पोहे हाणायचे. दिवसाला नऊ कप चहा. आणि आज सांगायला लाज वाटते, पण खर्राही (तंबाखू-सुपारीचा) चालायचा. एका मित्राच्या आग्रहानं दहा दिवसांच्या शिबिराला गेलो आणि पोळ्याच्या आठवड्यात घरी जाहीर केलं की आजपासून माझ्यासाठी चूल बंद. आईला वाटलं, पोरगा रागावला.

सकाळी पालक, सांबार (म्हणजे कोथिंबीर), पुदिना आणि लिंबाचा दोन गिलास रस. अकराला पपई नाहीतर पेरू. दुपारी मोड आलेले मूग-मटकी, गाजर, काकडी, ओलं खोबरं. संध्याकाळी भिजवलेले शेंगदाणे, खजूर आणि हंगाम असला की आठ-दहा संत्री. पहिले चार दिवस डोकं असं ठणकलं की पेशंटचं बोलणं नको वाटे. शिबिरवाले म्हणाले, विष निघतंय. विषबिष काही नव्हतं. नऊ कप चहा एकदम तोडला की कोणाचंही डोकं दुखते.

तिसऱ्या आठवड्यापासून मात्र मजा यायला लागली, हे खरं सांगितलं पाहिजे. छातीतली जळजळ गेली, झोप गाढ लागली, दवाखान्याच्या पायऱ्या मी दोन-दोन चढू लागलो. तीन महिन्यांत 11 किलो उतरले, बीपी 130/84. जो भेटेल त्याला मी कच्च्या खाण्याचं प्रवचन द्यायचो. दहा वर्षं खर्रा थुंकणारा डॉक्टर लोकांना एन्झाइम समजावून सांगत होता! खर्रा सुटला, रात्री साडेदहाचं जेवण सुटलं, समोसे सुटले, आणि सगळं श्रेय मी काकडीला देऊन टाकलं. हे मला फार उशिरा उमगलं. तुमच्या मिस्टरांची शुगर उतरली त्यातही हाच मोठा भाग असणार: मैदा, साखरेचा चहा, तेलकट गेलं, 15 किलो वजन गेलं. हे सगळं चुलीवरची भाकर खाऊनही जाते.

सुरुवातीच्याच दिवसांत महालक्ष्म्या आल्या होत्या. आईनं सोळा भाज्या केल्या, आंबील केली, आणि मी पानावर बसून काकडीचे काप खाल्ले. ती काही बोलली नाही. पुढचे चार दिवस बोललीच नाही.

डिसेंबरात थंडी पडली आणि माझं खरं रूप दिसायला लागलं. कोटाच्या आत दोन स्वेटर घालून बसायचो. एका म्हाताऱ्या बाईच्या पोटाला हात लावला तर ती दचकून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुमचाच हात मेल्यासारखा गार लागून राहिला जी!" अंगावरची चरबी गेली, सोबत मांसही गेलं. दिवसभर लिंबू-संत्र्याच्या आंबटात दात बुडालेले, त्यामुळे गार पाणी दातांना झोंबू लागलं. जेवायला चाळीस मिनिटं लागायची, बाहेर पेशंट ताटकळायचे, आणि पोटात दिवसभर वारा धरलेला. एप्रिल-मे फळांवर निघाला. जूनमध्ये मृगाचा पहिला पाऊस झाला, विहिरीला गढूळ पाणी आलं, बाजारातला सांबार त्याच पाण्यात धुतला आणि नेहमीसारखा रस केला. त्या रात्री बावीस वेळा परसाकडे गेलो. पहाटे माझ्याच दवाखान्यात, माझ्याच कंपाउंडरनं मला सलाइन लावलं, तेही तिसऱ्या टोच्यात, कारण शीर सापडेना. दुसऱ्या दिवशी आईनं मऊ भात केला, मीठ घातलं, वर ताक ओतलं. मी काही न बोलता खाल्ला. तिथं माझे नऊ महिने संपले.

शिबिरांमधून गांधीजींचं नाव हमखास घेतलं जाते, आणि आपण वर्ध्याच्या शेजारचे म्हणून ते लागतेही लवकर. पण पूर्ण गोष्ट कोणी सांगत नाही. त्यांनी 1929 मध्ये हा प्रयोग खरंच केला होता, साबरमतीला असताना: मोडाचे गहू, वाटलेले बदाम, कच्चा पाला, लिंबू, मध. त्याच वर्षी आमांशानं बेजार झाले आणि प्रयोग सोडला. सोडला हेही त्यांनी लपवलं नाही.

आता मुंग्या. विष बाहेर पडताना मुंग्या येत नाहीत. शुगरच्या शाकाहारी माणसाच्या पायाला मुंग्या आल्या की मी दोन गोष्टी धरतो, शुगरनं नसांना झालेली इजा किंवा बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. बी-12 झाडपाल्यात नसते. शाकाहारी माणसाला ते दूध-दही-ताकातूनच मिळते. त्याचा साठा यकृतात असतो आणि तो वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून पाच महिन्यांच्या कच्च्या खाण्यानं एवढं व्हायला नको, असं तुम्हाला वाटेल. बरोबर आहे. पण सहा वर्षं जी गोळी चालू होती ती मेटफॉर्मिन असेल, आणि बहुतेकांची तीच असते, तर ती बी-12 चं शोषण कमी करते. म्हणजे टाकी आधीच तळाला गेलेली असणार. दूध-दही बंद केलं तेव्हा वरून येणारी बारीक धारही थांबली.

आणि हिमोग्लोबिन नॉर्मल आलं यावर निर्धास्त राहू नका. बी-12 कमी झालं की रक्त कमी होते, हे ठीक. पण पालेभाजीच्या रसातून फोलेट (हेही एक ब जीवनसत्त्व) भरपूर जाते, आणि ते रक्ताची बाजू सावरून धरते. नसांची बाजू त्याला सावरता येत नाही. रक्ताचा रिपोर्ट चांगला आणि नसा आतून चाललेल्या, असं होऊ शकते.

माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी आले होते, तीन वर्षं कच्च्यावर. हिमोग्लोबिन छान. मी ट्यूनिंग फोर्क, शाळेत आपण नादकाटा म्हणायचो तो, वाजवून त्यांच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. विचारलं, "गुरुजी, कंप जाणवते?" ते म्हणाले, "अजून तुम्ही लावलाच कुठं?" काटा अंगठ्यावर थरथरत होता. घोट्यावर नेला, तरी नाही. गुडघ्यावर नेला तेव्हा म्हणाले, "हां, आता." मग विचारलं, सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? त्यांची बायकोच बोलली, दोन महिन्यांपासून बेसिन धरून तोंड धुतात. बी-12 निघालं 94, जे 200 च्या वर असायला हवं. इंजेक्शनं दिली. वर्षभरात चाल सुधारली, चिडचिड गेली. बोटांच्या टोकांच्या मुंग्या मात्र राहिल्या त्या राहिल्याच. उशीर झाला की सगळं परत येत नाही. तुमच्या मिस्टरांना ही तोंड धुण्याची गोष्ट जरूर विचारा, आणि अंधारात वावरातून येताना पाऊल वेडंवाकडं पडते का तेही.

तपासण्या अशा करा: बी-12, पूर्ण सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी (त्यातला एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, मी पाहीन), फेरिटिन (लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (किडनीसाठी), उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर. बी-12 चं इंजेक्शन कोणी घाईनं टोचू लागलं तर आधी रक्त द्या, नाहीतर आकडा फसवा येतो. तीन महिन्यांच्या शुगरची एचबीएवनसी तपासणी कराच, पण आपल्या विदर्भात सिकलसेलचे (लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचे) वाहक बरेच आहेत आणि अशा माणसात हा आकडा कधी कधी चुकीचा येतो. घरात कोणाला सिकलसेल असेल तर आधी सांगा. स्वतः सिकलसेलचा पेशंट असणाऱ्यानं तर उपास, निव्वळ रस, उन्हाळ्यात पाणी कमी पडणं, यातलं काहीच अंगावर घेऊ नये.

गोळी त्यांनी स्वतःहून बंद केली हे चुकलं. पण जुनी गोळी आज लगेच तशीच चालूही करू नका. वजन 15 किलोनं कमी झालेल्या माणसाला जुना डोस जड होऊ शकतो, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी, शुगर फार खाली नेऊ शकणारी असेल तर. वावरात एकटा असताना शुगर खाली गेली तर पाणी पाजायला कोण? आधी शुगर मोजू, मग डोस ठरवू. आणखी एक शंका मनात येते, ती बोलतोच. 15 किलो सगळे आहारानंच गेले असं धरून चालू नका. शुगरच्या माणसाला टीबी लवकर धरते. संध्याकाळची कणकण, दोन आठवड्यांवर खोकला, रात्री घाम, यातलं काही असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, ती आधी करा.

आता मोडाच्या धान्याकडे येतो, कारण "मोड आलेलं धान्य" म्हणजे नेमकं काय हे तुम्ही लिहिलं नाही, आणि आपल्या भागात खरी भीती तिथंच आहे. मूग, मटकी, हरभरा यांचं त्या मानानं ठीक. सोयाबीन घरात पोत्यानं असते म्हणून लोक त्याला मोड आणतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा एक घटक असतो, तो उष्णतेनंच मोडतो. म्हणजे प्रथिनांसाठी खाल्लं आणि पचनच अडवून ठेवलं. कच्चा राजमा तर चार-पाच दाण्यांत उलट्या करवतो. गोंदिया-भंडाऱ्याकडून कोणी लाखोळी आणून दिली असेल तर तिला हात लावू नका. तिच्यातलं विष पाण्यात उतरते, म्हणून जुनी माणसं ती गरम पाण्यात भिजवून पाणी फेकून द्यायची. महिनोन् महिने तीच जास्त खाल्ली तर पाय लुळे पडतात.

आणि ज्वारीचे मोड. हे ऐकून तुमचे मिस्टर कदाचित थांबतील, कारण ते शेतकरी आहेत. कोवळी, पावसानं ताण दिलेली ज्वारी चरून जनावर कसं धापा टाकत, थरथरत खाली बसते, हे त्यांनी पाहिलं असेल, नाहीतर वडिलांकडून ऐकलं असेल. ते सायनाइडचं विष. ज्वारीच्या दाण्यात ते नसते, दाण्यातून निघालेल्या कोवळ्या कोंबात असते. म्हणून भाकर खा, मोडाची ज्वारी कच्ची खाऊ नका.

याहून वाईट एक प्रकार मी स्वतः पाहिला आहे: पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतलं उरलेलं बियाणं मोडाला टाकणं. त्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असते, म्हणून तर ते गुलाबी-लाल दिसते. धुतल्यानं रंग जातो, औषध पूर्ण जात नाही.

चांगल्या मुगाचे मोडसुद्धा आपल्या एप्रिल-मेच्या 44-45 डिग्रीत धोक्याचे होतात. ओल आणि ऊब मिळाली की मोडासोबत जंतूही उगवतात. रात्री बांधलेलं फडकं सकाळी उघडल्यावर आंबूस भपकारा आला, बोटाला चिकट लागलं, तर ते म्हशीपुढेसुद्धा टाकू नका. वास आला नाही म्हणजे चांगलंच, असंही नाही. 2011 मध्ये जर्मनीत कच्च्या मोडांतून साथ पसरली, पन्नासच्या वर माणसं गेली, आणि धागा निघाला मेथीच्या बियांपर्यंत. एक वाफ दिली असती तर जंतू मेले असते. वाफ दिल्यानं थोडं क जीवनसत्त्व जाते, एवढंच. त्याला वरून लिंबू पिळा.

"शिजवलं की एन्झाइम मरतात" हे त्यांचं मुख्य म्हणणं असणार, माझंही होतं. मरतात. पण ते त्या भाजीच्या कामाचे, आपल्या नव्हे. जठराच्या आंबटात गेले की तसेही मोडतात. उलट पिठातला स्टार्च तव्यावर फुलतो तेव्हा कुठं तो आपल्याला नीट पचतो. टोमॅटोचा लाल रंग आणि गाजराचं अ जीवनसत्त्व शिजवून, थोड्या तेलासोबत खाल्लं की अंगी जास्त लागते.

पालेभाजीच्या रसाबद्दल दोनच गोष्टी. रोज पालकाचा कच्चा रस म्हणजे ऑक्झलेटचा मारा, आणि आपल्या उन्हाळ्यात मुतखड्याला तेवढं निमित्त पुरते. दुसरं, कपाशीच्या वावरात मधे लावलेली अंबाडी, चवळी किंवा बांधावरचा पाला रसात जात असेल तर थांबा. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं दगावली, ती औषधं आपल्याला नवी नाहीत. आंतरप्रवाही औषध पानाच्या आत शिरते, धुऊन जात नाही, शिजवूनही पूर्ण जात नाही. पण भाजी माणूस वाटीभर खातो, आणि रसाला जुडीच्या जुडी लागते. दुधी भोपळ्याचा रस घेत असतील तर आधी तुकडा चाखावा. कडू लागला तर थुंकून टाकावा, "औषध आहे" म्हणून पिऊ नये. कडू दुधीच्या रसानं आपल्या देशात माणसं मेलेली आहेत.

मग कच्चं काहीच नको का? तसं नाही. मी आजही रोज खातो. आपल्या माणसांनी कच्चं कधी सोडलंच नव्हतं. हिवाळ्यात कोवळ्या हरभऱ्याच्या पाल्याचा नाहीतर मेथीचा घोळणा: कांदा, तिखट, मीठ, दाण्याचा कूट, वरून कच्चं तेल. भाकरीसोबत मुळा, कांद्याची पात, काकडी. बांधावरची बोरं, हरभऱ्याचे घाटे, पेरू, संत्री (त्यांच्यासाठी एका वेळी एकच, रस काढून नव्हे, फोडी चावून). पाला घरच्या परसातला आणि उकळून गार केलेल्या पाण्यानं धुतलेला. ताटाचा निम्मा भाग हे, उरलेल्या निम्म्यात एक-दीड ज्वारीची भाकर, घट्ट वरण नाहीतर वाफवलेली उसळ, आणि वाटीभर दही. माझे 19 किलो गेले होते, त्यातले सहा परत आले. बीपी आजही गोळीविना ठीक आहे. खर्रा परत आला नाही, चहा दोन कपांवर थांबला.

मिस्टरांशी भांडू नका. माझ्याशी जे जे भांडले त्यांच्यामुळे मी दोन महिने जास्तच ताणलं. "तुमचं चुकलं, सोडा" असं न म्हणता आधी फक्त दही मागा, मग मोडांना वाफ. भाकर स्वतःच मागतील, वखराचे दिवस आहेत. पण रक्ताच्या आणि पायांच्या तपासणीसाठी थांबू नका, ती या आठवड्यातच. सकाळी उपाशीपोटी घेऊन या, बंद केलेल्या गोळीचं रिकामं पाकीट सोबत आणा, आणि मोडाचं बी ज्या पिशवीतून काढतात तिच्यावरचं लेबलही.